अस्पर्शित कोणाला म्हणता?

गेल्या पावसाळ्यात, झड लागलेल्या एका दुपारी, एक चारपानी माहितीपत्रक आमच्या मंडळाकडे तपासणीसाठी आले. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात परदेशी प्रवाशांना घेऊन येणाऱ्या एका संस्थेचे ते पत्रक होते. मूळ मजकूर जर्मन भाषेत लिहिला गेला, त्याचे इंग्रजी झाले आणि त्या इंग्रजीचे मराठी. अशी त्याची वंशावळ सोबतच्या चिठ्ठीतच दिलेली होती. विनंती एवढीच होती की, 'शुद्धलेखन तेवढे पाहून द्यावे.' आम्ही पाहिले. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजून चार निघाल्या. त्या दुरुस्त केल्यावर पहिल्या पानावर जे शुद्ध वाक्य उरले ते असे होते : 'आपल्या आत्म्याला लोंबकळू द्या.' दुसऱ्या पानावर 'येथे जग अजूनही क्रमाने आहे', तिसऱ्यावर 'मोठ्यांसाठी आणि छोट्यांसाठी एक अनुभव', आणि शेवटच्या पानावर, कमळाच्या चित्राखाली, 'अस्पर्शित निसर्गात आपले हार्दिक स्वागत.'

प्रारंभी आम्ही हसलो. लोंबकळणारा आत्मा हा हसण्याचाच विषय आहे. आपल्याकडे झाडाला काय लोंबकळते याविषयी गावोगावच्या आजीबाईंची मते सर्वश्रुत आहेत. परंतु शेवटच्या पानावरच्या त्या एका शब्दापाशी हसणे थांबले. आम्ही ती चारही वाक्ये मराठीत नव्याने लिहून पाठविली. पंधरा दिवसांनी पत्रक छापून आले. आत्मा होता तसाच लोंबकळत होता. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले : 'अर्थ समजतो ना? मग झाले तर.'

प्रस्तुत लेख हे त्या 'मग झाले तर'ला दिलेले उत्तर आहे. त्या संस्थेशी आमचे वैर नाही, म्हणूनच तिचे नाव आम्ही घेत नाही. वैर आहे ते या वृत्तीशी. आणि ही वृत्ती केवळ परक्यांची नाही, ती आपल्याही घरात सुखाने नांदते आहे, हे आम्हांला प्रथमच कबूल करावयाचे आहे.

आपले गुंजी हे रस्त्यावरचे गाव आहे. खानापूर आणि लोंढा यांच्यामधून जाणारा लोहमार्ग इथून जातो आणि बेळगावाहून गोव्याकडे जाणारा हमरस्ताही इथूनच जातो. माउलीच्या यात्रेला येणारा येतो तो गाव ठाऊक असलेला माणूस. पण वर्षभर या रस्त्याने जे लोक जातात त्यांना हा मुलूख कळतो तो पाट्यांवरून, पत्रकांवरून आणि आताशा हातातल्या फोनवरून. म्हणजे आपण कोण, आपले रान कसे, आपले देऊळ कोणाचे, हे त्यांना सांगणारा पहिला माणूस कोणी पुजारी नव्हे, पाटील नव्हे, शिक्षकही नव्हे. तो आहे अनुवादक. आणि तो अनुवादक कोण, हे आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही.

या सीमाभागात पाट्यांवरून काय काय झाले ते वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. १९५६ पासून नाव कोणत्या लिपीत यावे, कोणत्या अक्षरांत यावे, वर यावे की खाली यावे, यासाठी आपल्या घरांतील माणसांनी आयुष्ये वेचली. ते भांडण व्यर्थ होते असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. आपण पाटीवरच्या नावासाठी भांडलो. नावाखालच्या वाक्यासाठी कधी भांडलो नाही. देवनागरी अक्षरे दिसली की आपले समाधान झाले. अक्षरे मराठी आणि वाक्य कोणत्याच भाषेतले नाही, अशी स्थिती आली तरी आपल्या ध्यानात आले नाही. लिपी राखली आणि भाषा निसटली, तर राखले ते काय?

आता मूळ जर्मन शब्दप्रयोगांकडे वळू. कारण दोष जर्मन लेखकाचा नाही हे प्रथम स्पष्ट व्हावयास हवे. 'डी झेले बाउमेलन लासेन' हा जर्मन भाषेतील अगदी घरगुती वाक्प्रचार आहे. त्याचा शब्दशः अर्थ आत्मा लोंबता सोडणे असा होतो खरा. परंतु जर्मन माणसाला ते ऐकून पाण्याकाठी बसून पाय हलविणारे पोर आठवते, झाडाला टांगलेले काही आठवत नाही. चांगला इंग्रज अनुवादक इथे आत्म्याचे नावही काढत नाही. तो 'सैल व्हा, निवांत व्हा' अशा अर्थाचे आपले घरगुती क्रियापद वापरून मोकळा होतो. आणि मराठीला तर या भावनेची ददातच नाही. 'घटकाभर टेका', 'जरा विसावा घ्या', 'सोप्यावर निवांत बसा' : यांतले कोणतेही एक वाक्य चालले असते. आपल्याकडील घराचा सोपा म्हणजे लोंबत्या आत्म्यासाठीच बांधलेली जागा आहे. फक्त त्या आत्म्याला आपण पानतंबाखू देतो.

दुसरे वाक्य घ्या. 'जग अजून क्रमाने आहे' हेही जर्मनांचे नित्याचे बोलणे. सुटीसाठी एखाद्या खेड्यात बोलावताना ते म्हणतात की तिथे जग अजून ठीकठाक आहे. आपल्याकडे हेच सांगायचे तर 'इथे अजून सगळे जिथल्या तिथे आहे' असे कोणीही सांगेल. तिसरे वाक्य तर आम्हांला विशेष लागले. 'फ्युर ग्रोस उंड क्लाइन', म्हणजे मोठ्यांसाठी आणि छोट्यांसाठी, या प्रयोगाशी इंग्रज अनुवादकाला झगडावे लागते. कारण इंग्रजीत मोठे-छोटे म्हटले की आकाराचा भास होतो, म्हणून त्याला 'तरुण आणि वृद्ध' असा फेर करावा लागतो. मराठीत मात्र 'लहानथोर' हा शब्द शतकांपासून तयार बसला आहे. जर्मनला जे म्हणायचे होते ते जसेच्या तसे, एका शब्दात, आपल्या घरात होते. तरी आपला अनुवादक इंग्रजीच्या दारात उभा राहून उसने मागत राहिला!

इथे एक मर्म आहे. जर्मन आणि मराठी यांच्यामध्ये इंग्रजीचा पूल घातला की अनेकदा जवळची वस्तू दूर जाते. जर्मनांचा 'झेहेन्सव्युर्डिशकाइट' हा लांबलचक शब्द पाहून इंग्रजाची बोबडी वळते; पण त्याचा अवयवार्थ 'पाहण्यायोग्यता' असा आहे आणि आपला 'प्रेक्षणीय' हा शब्द नेमका तोच आहे. 'लुफ्टकुरऑर्ट' म्हणजे जिथली हवाच औषध ठरते असे गाव. इंग्रजीत त्याचे भाषांतर करू गेल्यास सरकारी आरोग्यखात्याचा वास येतो. मराठीत मात्र 'हवापालट' हा शब्द आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला डॉक्टर औषधाबरोबर हवापालट सांगत असत. आणि 'वांडर्न' हे क्रियापद पाहा. इंग्रजीतील दिसायला सारखा शब्द दिशाहीन फिरणे सुचवितो, तर जर्मन माणूस 'वांडर्न' करतो तेव्हा त्याच्या पाठीवर पिशवी, हातात नकाशा आणि मनात मुक्कामाचे गाव असते. कच्चा अनुवादक इथे हमखास फसतो. आपल्याकडील 'भटकंती'ने मात्र गडकिल्ल्यांच्या छंदामुळे गेल्या काही दशकांत हाच अर्थ कमावला आहे. याचा अर्थ असा की शब्द नव्हते म्हणून ही वाक्ये बिघडली, ही सबब टिकत नाही. शब्द होते, विचारणारा नव्हता.

उलट बाजूचे उदाहरणही द्यावयास हवे, नाहीतर आम्ही केवळ कुरकुर करतो असा ग्रह व्हावयाचा. २००२ साली भारत सरकारने परदेशी प्रवाशांसाठी 'इन्क्रेडिबल इंडिया' ही मोहीम काढली. शब्दकोश उघडून जर कोणी त्याचे 'अविश्वसनीय भारत' केले असते तर ते शब्दशः अचूक ठरले असते आणि साऱ्या देशाची पत गेली असती; कारण ज्यावर विश्वास ठेवू नये त्यालाच आपण अविश्वसनीय म्हणतो. ज्याने कोणी 'अतुल्य भारत' हे शब्द ठरविले त्याने शब्द सोडला आणि हेतू धरला. आज तो शब्दप्रयोग भाषांतर आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. भाषांतराला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. याच न्यायाने आपल्या राज्याच्या पर्यटन खात्याचे 'वन स्टेट, मेनी वर्ल्ड्स' हे ब्रीद पाहा. त्याचे 'एक राज्य, अनेक जगे' केले तर 'जगे' या अनेकवचनापाशीच जीभ अडखळते. 'राज्य एक, रूपे अनेक' म्हटले की अडखळणे संपते. दोन शब्दांचा फरक; पण एकात माणूस बोलतो आणि दुसऱ्यात कोश.

जर्मनांचेच आणखी एक उदाहरण आम्हां सीमावासीयांनी तर भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याने १९९९ साली स्वतःच्या जाहिरातीसाठी एक वाक्य निवडले. त्याचा आशय असा : आम्हांला सगळे काही जमते, अपवाद फक्त प्रमाण जर्मन बोलण्याचा. मोटारी घडविणाऱ्या, यंत्रे विकणाऱ्या त्या श्रीमंत मुलखाने आपल्या बोलीचा गावंढळपणा लपविला नाही, तोच ध्वजावर लावला. हे ब्रीद वीस वर्षांहून अधिक काळ चालले. परक्या भाषेत त्याचे नुसते शब्द नेले तर विनोद विझतो. कारण प्रमाण जर्मन म्हणजे काय आणि त्या प्रांताची बोली तिला कशी वाकडी जाते हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. पण बेळगावच्या माणसाला तो विनोद समजावून सांगावा लागेल काय? 'आम्हांला सगळं येतंय बघा, पुण्याची मराठी तेवढी सोडून' हे वाक्य खानापूरच्या बाजारात कोणीही टाळी देऊन ऐकेल. पु. ल. देशपांडे यांनी 'रावसाहेबां'च्या व्यक्तिचित्रातून बेळगावच्या बोलीला उभ्या महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. आपण मात्र बाहेरच्या माणसासाठी चार ओळी लिहिताना त्याच बोलीची लाज धरतो आणि जी भाषा जगात कोणीच बोलत नाही ती लिहितो.

अनुवादाच्या या मोहात एक उपमोह आहे. तो उसन्या नावांचा. जर्मनीत एल्ब नदीकाठच्या एका डोंगराळ भागाला 'सॅक्सन स्वित्झर्लंड' म्हणतात. अठराव्या शतकात ड्रेस्डेनला आलेल्या दोन स्विस चित्रकारांना तो भाग पाहून आपले गाव आठवले आणि नाव पडले. ड्रेस्डेन शहरालाही 'एल्बकाठचे फ्लोरेन्स' म्हणवून घेण्याची हौस आहे. ही हौस आपणांसही आहे. गोकाकचा धबधबा झाला नायगारा. बेळगाव झाले गरिबांचे महाबळेश्वर. आणि प्रत्येक हिरव्या टेकडीला कोणी ना कोणी स्वित्झर्लंड म्हणतोच. एक वेळ स्विस माणसाने आपल्या आठवणीने नाव द्यावे हे समजू शकते. पण घटप्रभेच्या काठी जन्मलेल्या माणसाला गोकाकचे पाणी पाहून अमेरिका का आठवावी? उपमेत उपमान नेहमी श्रेष्ठ असते. जो प्रदेश स्वतःला सतत दुसऱ्याची उपमा देतो, तो स्वतःचा कनिष्ठपणा स्वतःच्याच खर्चाने छापून घेतो.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्यासाठी हा सारा खटाटोप आहे. 'उनबेर्युर्ट' हे जर्मन विशेषण निसर्गाला लावतात तेव्हा त्याचा अर्थ, ज्याला कोणाचा हात लागला नाही असा. चांगला इंग्रज अनुवादक तेथे 'न बिघडलेला' या अर्थाचा शब्द योजतो. हा फरक वरवर बारीक दिसतो, पण तो जमीन-अस्मानाचा आहे. 'न बिघडलेला' म्हणताना तिथे माणसे आहेत, असू शकतात, आणि त्यांनी ते रान राखले आहे, एवढे सौजन्य आपोआप येते. 'हात न लागलेला' म्हणताना तिथे कोणी नव्हतेच, असे ठरते. आमच्या पत्रकाच्या कर्त्याने कच्चा इंग्रजी शब्द घेतला आणि त्यावरून मराठीत घडविले 'अस्पर्शित'.

ज्या भाषेत स्पृश् या धातूवरून घडलेल्या एका शब्दाने पिढ्यान् पिढ्यांचे जिणे हराम केले, त्या भाषेत हा शब्द इतक्या सहजपणे कसा वापरवतो, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक जवळचा आहे. पत्रकात वर्णिलेले रान म्हणजे भीमगडाचा परिसर, कणकुंबीचा माथा, जांबोटीची खोरी. २०११ साली भीमगड अभयारण्य घोषित झाले; ते रान त्याआधी काय ओस होते? त्या रानात धनगर-गवळ्यांचे वाडे आहेत. त्यांच्या गुरांनी पाडलेल्या वाटांवरूनच आज प्रवाशांची भटकंती चालते. भीमगडावर पूर्वी शिबंदी राबती होती. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती देवळाच्या कुंडात. म्हणजे नदीच्या पहिल्या थेंबालाच माणसाचा हात लागलेला आहे आणि तो जोडलेला हात आहे. हलशी ही कदंबांची पलाशिका. तेथील भूवराह-नरसिंहाचे देऊळ आणि देगावचे कमलनारायणाचे देऊळ बाराव्या शतकातले. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी ज्या रानाच्या काठाने दगड वाहून नेले गेले आणि मूर्ती घडविल्या गेल्या, ते अस्पर्शित? संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली नंदगडला फाशी दिली. या जंगलांच्या आधारानेच तो इंग्रजांशी लढला होता. त्याचे पाय तरी या रानाला लागले होते ना?

कोणी म्हणेल, एका विशेषणावरून एवढे रण कशाला? त्यांना आम्ही २००६ च्या वनहक्क कायद्याची आठवण करून देतो. अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या वननिवासींना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी, १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षे, आपण त्या वनात राहत होतो व त्यावर जगत होतो, असे दाखवावे लागते. ज्यांच्यापाशी कागद नाही त्यांच्यापाशी असते ती वहिवाट, म्हाताऱ्यांच्या तोंडची साक्ष, दगडी कुंपण, देवराई, मसणवट. म्हणजे 'या रानाला आमचा हात लागलेला आहे' हेच त्यांना सिद्ध करावयाचे असते; तोच त्यांचा एकमेव दावा असतो. आणि आपण त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच रानाच्या वेशीवर, रंगीत कागदावर छापून वाटतो की या रानाला कोणाचाही हात लागलेला नाही! अभयारण्यांतील वस्त्या हलविण्याची चर्चा या भागाला नवीन नाही. एखादे कुटुंब स्वखुशीने बाहेर येते की नाईलाजाने, याचा निवाडा आम्ही या लेखात करीत नाही. परंतु माणूस उठण्याआधीच त्याला शब्दांतून उठवू नये, एवढे तरी भाषेच्या उपासकांनी पाहावे की नाही? पत्रक हा न्यायालयातील पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण सवय हीच पुढे समज होते आणि समज हाच पुढे निर्णय होतो.

आमच्यावर जे आक्षेप घेतले जातील, आणि मंडळाच्या बैठकीत घेतले गेलेही, त्यांचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप असा की जाहिरात म्हणजे साहित्य नव्हे. साहित्यसंस्थेने त्यात कशाला पडावे? या आक्षेपाला उत्तर खुद्द जर्मनांनीच देऊन ठेवले आहे. कातारीना राइस या विदुषीने १९७१ साली अनुवादासाठी संहितांचे प्रकार पाडले. त्यांत माहिती देणारी, अभिव्यक्ती करणारी आणि वाचकाला कृतीस प्रवृत्त करणारी अशी वर्गवारी केली. जाहिरात तिसऱ्या वर्गात मोडते आणि तिथे शब्दाशी इमान राखणे हा गुण नसून परिणामाशी इमान राखणे हा गुण होय. हान्स फेर्मेर यांनी पुढे अनुवादाचा हेतू हाच अनुवादाचा कायदा, असा सिद्धान्त मांडला. म्हणजे ज्यांच्या भाषेतून ही वाक्ये आली त्यांनीच शब्दशः भाषांतराची वाट बंद केली आहे. आपण मात्र ती 'मूळाशी प्रामाणिक' म्हणून उघडी ठेवतो.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. बोलीतले शब्द वापरले तर मजकूर हलका दिसेल! मार्टिन ल्यूथरने १५३० साली आपल्या बायबल-अनुवादाचे समर्थन करताना सांगितले की भाषा विचारायची ती घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना आणि बाजारातल्या सामान्य माणसाला. त्याच्या आधी अडीचशे वर्षे, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती कोणासाठी, हे आम्ही सांगावे काय? आणि आपल्या शेजारी गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रजाने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली व १६१६ साली ती छापली गेली; स्वर्ग सांगताना त्याला 'वैकुंठ' म्हणण्यात कमीपणा वाटला नाही. परक्याने आपल्या भाषेच्या घरात येऊन चप्पल बाहेर काढली. आपण स्वतःच्या घरात बूट घालून वावरतो.

आपल्या कन्नड बांधवांकडेही या बाबतीत पाहण्यासारखे आहे. फर्डिनांड किट्टेल हा जर्मन मिशनरी धारवाड-मंगळूर भागात आयुष्याची उमेदीची वर्षे राहिला आणि १८९४ साली त्याचा कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. आजही कन्नड अभ्यासक त्याचे नाव आदराने घेतात. जर्मन आणि या प्रदेशाची भाषा यांची खरी भेट कशी होते याचा तो नमुना आहे : दशकानुदशके कान देऊन ऐकणे. आम्ही आपल्या अनुवादकांकडून दशके मागत नाही. एक दुपार मागतो.

तिसरा आक्षेप अद्ययावत आहे : आता यंत्रे भाषांतर करतात, मग वाद कशाला? गूगलच्या भाषांतर-सेवेत मराठीचा समावेश २०१३ साली झाला आणि तेव्हापासून यंत्रे पुष्कळ सुधारली, हे मान्य. लोंबकळणारा आत्मा कदाचित यंत्र उद्या स्वतःच खाली उतरवील. पण यंत्र शिकते ते आपण लिहून ठेवलेल्या मराठीवरून. ज्या भाषेत लोक 'अस्पर्शित निसर्ग' छापत राहतील त्या भाषेचे यंत्र 'अस्पर्शित निसर्ग'च बोलेल, आणि अधिक सफाईने बोलेल. चूक अडाणी असते तोवर ती ओळखू येते. सफाईदार झाली की ती भाषाच होऊन बसते. म्हणून यंत्र आले हे गप्प बसण्याचे कारण नसून अधिक दक्ष होण्याचे कारण आहे.

चौथा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही. पण तो सर्वांत खोल आहे. मराठी मजकूर कोण वाचतो? पाहुणा इंग्रजी वाचतो, मराठी ओळ केवळ उपचारासाठी. हे खरे असेल तर ते आपल्या नाचक्कीचेच वर्णन आहे. मराठी ओळ पाहुण्यासाठी नसेल, तर ती आपल्यासाठी आहे. ती आपल्या शाळेतले पोर रस्त्यावरून जाताना वाचते. त्या पोराच्या आजीला आपल्या घरी आलेल्याला 'या, बसा, पाणी घ्या' म्हणता येते. त्या पोराला मात्र पाटी शिकविते की स्वागत नेहमी 'हार्दिक'च असते आणि पाहुणा 'अनुभव' घ्यायला येतो. घरी मुक्कामाला येणे याला आपल्याकडे 'उतरणे' असा साधा, सुंदर शब्द आहे : 'पाहुणे कोणाकडे उतरलेत?' आज जंगलकाठच्या घरांवर 'होमस्टे' अशी पाटी लागते. तो शब्द आता रुळला आहे, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण त्याखाली 'घरी उतरण्याची व जेवणाची सोय' एवढे लिहिले असते तर त्या घराची किंमत एक रुपयानेही कमी झाली नसती.

टीका करून मोकळे होणे हा आमच्यासारख्या मंडळांचा जुना रोग आहे. १९४६ साली याच बेळगावात झालेल्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. तेव्हापासून ठराव करण्यात आपला हात कोणी धरील असे वाटत नाही. म्हणून आम्ही ठराव मांडत नाही, काम मांडतो. मंडळाने तिघांची एक समिती नेमावी. तीत एक शिक्षक असावा, एक शेतकरी किंवा गवळी असावा आणि एक इंग्रजी व शक्य तर जर्मन जाणणारा तरुण असावा. आपल्या घरांतली अशी मुले पुण्या-बंगळुरात आहेत आणि ती नाही म्हणणार नाहीत. खानापूर तालुक्यातील कोणत्याही स्थळाविषयी कोणीही मराठी मजकूर छापणार असेल तर तो या समितीने विनामूल्य पाहून द्यावा. नियम तीनच असावेत. वाक्य इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला वाचून दाखवावे. तो पुन्हा विचारू लागला तर वाक्य चुकले. ओढ्याचे, डोहाचे, माळाचे नाव तिथल्या माणसाला विचारूनच घालावे, कोशातून घडवू नये. आणि जिथे माणसे राहतात त्या रानाला अस्पर्शित, निर्मनुष्य किंवा अज्ञात म्हणू नये.

पत्रक छापणाऱ्या त्या संस्थेकडेही आम्ही पुन्हा जाणार आहोत. ते लोक वाईट नाहीत. त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांनी कोणाला विचारले नव्हते, एवढेच. शेवटच्या पानासाठी आम्ही सुचविलेले वाक्य त्यांनी वापरले नाही, ते इथे देऊन ठेवतो : 'हे रान आमच्या वाडवडिलांनी राखले आहे. या, बघा, आणि जपून चाला.' जर्मन पाहुण्याला हे कोणी नीट भाषांतर करून सांगितले, तर तो चपला काढून चालेल, अशी आमची खात्री आहे.